उंची अठराशे, स्थिर

आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर येतोय हे इंजिनाच्या आवाजावरून कळत नाही, किसन आप्पांच्या ओरडण्यावरून कळतं. इंजिनाच्या धडधडीच्या वर आवाज काढून आप्पा ओरडत येतात, "वेग बारा! उंची अठराशे! दिशा पूर्व! स्थिर!" ऐकायला कुणी असलंच पाहिजे असं नाही. बांधाकडेला एखादी म्हैस रवंथ करत बसलेली असली तर तिला सांगतात. तीही बिचारी ऐकून घेते.

नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्याला ऊन लागलं. तसं काही नाही. आप्पांच्या ट्रॅक्टरवर, स्टिअरिंगच्या पुढं, सायकलच्या ट्यूबच्या रबरानं एक टॅब आवळून बांधलेला आहे आणि त्यावर विमानाचा पडदा चालू असतो. पायलटच्या डोळ्यांपुढं जो मुख्य पडदा असतो ना, त्याची हुबेहूब नक्कल. वरचा अर्धा निळा म्हणजे आभाळ, खालचा अर्धा तपकिरी म्हणजे जमीन, मधली पांढरी रेघ म्हणजे क्षितिज. डावीकडं वेगाची पट्टी, उजवीकडं उंचीची पट्टी, खाली दिशेचं चक्र. पूर्वी या सगळ्यासाठी विमानात गोल गोल तबकड्या असायच्या, आता सगळं एका पडद्यावर येतं. हे मला आप्पांनी सांगितलं. एकदा सांगून थांबले असते तर मी त्यांचा आभारी राहिलो असतो.

"आप्पा, ट्रॅक्टर अठराशे फुटांवर कसा हो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"समुद्रापासनं, मास्तर. आपली वस्ती समुद्रापासनं अठराशे फूट वर हाय. जल्मल्यापासनं तुम्ही आम्ही येवढ्या उंचीवर फिरतोय आन् तुम्ही शाळेत कुणाला सांगत न्हाई."

मी दौंडला मराठी शिकवतो. समुद्रसपाटी माझ्या विषयात येत नाही, पण आप्पांना ही सबब चालत नाही. आमची वस्ती पाटसच्या पुढं, कुरकुंभच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत. माझं घर आणि आप्पांचं घर शेजारी शेजारी, मध्ये आप्पांचा आंबा. माझ्या घराला स्लॅब आहे आणि गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी शिडी. आप्पांच्या घराला पत्रा. कंपनीत चांगल्या पगाराची नोकरी केलेल्या माणसानं पत्रा का घातला, असं सगळे विचारायचे. आप्पा म्हणायचे, "पत्रा हवेशीर असतो." एप्रिल महिन्यात त्यांच्या घरात पाच मिनिटं बसून बघा म्हणजे हवेशीर कशाला म्हणतात ते कळेल.

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूममध्ये होते. आयुष्यभर पडद्यावरचे आकडे बघायचं काम. तिथं शिफ्ट बदलताना एक रीत असते. जाणारा माणूस येणाऱ्याला एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवतो आणि म्हणतो, "चार्ज दिला." येणारा म्हणतो, "चार्ज घेतला." तोवर जाणाऱ्यानं खुर्ची सोडायची नाही. आप्पा रिटायर झाले, रीत झाली नाही. हौसाकाकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, त्यांना कधी दुधाकडं लक्ष ठेवायला सांगितलं तर त्या परत आल्या की आप्पा म्हणतात, "दूध निम्म्यावर, गॅस बारीक, साय धरतीय. चार्ज दिला." काकी बोलल्या नाहीत तर आप्पा ओट्यापासून हलत नाहीत.

"घेतला, घेतला! निघा आता!" काकी सांडशी उगारून म्हणतात, तेव्हा कुठं शिफ्ट बदलते.

विमानाचं खूळ या घरात आलं ते शीतलमुळं. शीतल ही आप्पांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती दिवसभर आंब्यावर असायची आणि मोठेपणी बारामतीकडच्या एका विमानशाळेत दाखल झाली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि आप्पा तिच्याकडून पडद्याची उजळणी करून घ्यायचे. परीक्षा तिची होती, पण अभ्यास आख्ख्या वस्तीचा झाला. आमच्या दूधवाल्यालासुद्धा डावीकडं वेग आणि उजवीकडं उंची हे पाठ आहे. पायलटनं एकाच आकड्याला चिकटून बसायचं नसतं. नजर क्षितिजावर, मग वेगावर, परत क्षितिजावर, मग उंचीवर, परत क्षितिजावर, अशी फिरती ठेवायची. "आधी क्षितिज, मग बाकीचं," असं तिचे सर सांगायचे. आप्पांनी ते वाक्य उचललं आणि जगण्याला लावलं. लग्नाच्या पंगतीत पानावर बसल्यावर आप्पा सगळ्या पानावरून एकदा नजर फिरवतात, मग भाताकडं येतात, मग जिलबीकडं, परत भाताकडं.

त्या पडद्यावर वेगाच्या पट्टीशेजारी एक गुलाबी रेघ उगवते. असंच चालू राहिलं तर आणखी सहा सेकंदांनी वेग किती असेल, ते ती रेघ आधीच दाखवते. आप्पांना ही रेघ काकींच्या चेहऱ्यावर दिसते. मी बोलत बसलेलो असलो की ते हळूच म्हणतात, "मास्तर, निघा. गुलाबी रेघ वर चाललीय." आणि खरोखरच सहाएक सेकंदांत आतून भांडं आपटल्याचा आवाज येतो. तसंच, एखादं यंत्र बिघडलं तर पडदा खोटा आकडा दाखवत नाही, त्या जागी लाल फुली मारतो. पुढारी भाषण करत असला की आप्पा खालून बोटानं हवेत फुली काढतात. गेल्या निवडणुकीत त्यांना दोन्ही पक्षांच्या मंडपातून उठवलं होतं.

टॅब शीतलचा जुना. तिनं नवा घेतला आणि हा घरी टाकला तो आप्पांनी ट्रॅक्टरवर चढवला. पण त्याची एक अट असते. सुरुवातीला त्याला सपाट जागेवर ठेवून "हे बघ बाबा, सरळ म्हणजे हे" असं एकदा सांगावं लागतं. आप्पांनी ते आपल्या अंगणात सांगितलं, आणि त्या वेळी ट्रॅक्टरचं मागचं एक चाक न्हाणीच्या दगडी कट्ट्यावर चढलेलं होतं. टॅबला तेच सरळ वाटलं. मग आप्पांनी कांद्याचं रान सपाट करायला फळी मारली ती डोळ्यांनी न बघता पडद्यावर बघून. पडदा म्हणाला सपाट, आप्पा म्हणाले सपाट. पाणी सोडलं तर सगळं पाणी मुकाट्यानं बांध ओलांडून माझ्या रानात. त्या मोसमात आप्पांचा कांदा सुकला आणि माझ्या म्हशीसाठी लावलेला घास कमरेएवढा वाढला. मी काही बोललो नाही. माझ्या म्हशीनंही तक्रार केली नाही.

शेवटी काकी रानात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवं, त्या काचंतनं मान काढा आन् डोळ्यांनी बघा जरा! रान हाय का घसरगुंडी?"

आप्पांनी मान वर केली, खरंखुरं क्षितिज बघितलं, टॅबवरचं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी हवेत फुली काढली.

इथवर तुम्हाला वाटलं असेल की या माणसाचा जीव विमानात अडकला आहे. मलाही तसंच वाटायचं. एके दिवशी वारा सुटला होता. मी शाळेतून घरी आलो तर माझ्या शिडीच्या मधल्या पायरीवर आप्पा. दोन्ही हातांनी शिडीला मिठी, डोळे गच्च मिटलेले. वर गच्चीच्या कठड्याला काकींची नवी चादर उडून अडकली होती.

"काय आप्पा?"

"काय न्हाई. थांबलोय."

"कधीपासून?"

"चादर वाळली आसंल आता." मग बारीक आवाजात, "मास्तर, वेग शून्य हाय. उंची सांगू नका."

मी त्यांचा एकेक पाय धरून एकेका पायरीवर ठेवत त्यांना खाली आणलं. जमिनीला पाय लागल्यावर ते मटकन बसले आणि त्यांनी मातीवर हात फिरवला. मग सगळं बोलले. लहानपणापासून असंच. विहिरीत वाकून बघता येत नाही, कडब्याच्या गंजीवर चढता येत नाही. कंपनीत टॉवरवर चढावं लागू नये म्हणून धडपड करून कंट्रोल रूम मिळवली. गच्ची नको म्हणून घराला पत्रा.

"शीतलला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "ती आंब्यावर चढायची तवा मी खाली हुबा ऱ्हायचो. म्हणायचो, चढ, मी खाली हाय. ती शेंड्याला जायची आन् मी खाली खोड गच्च धरायचो. पर तोंडावर दिसू दिलं न्हाई. भीती कुणी शिकवत न्हाई, मास्तर, पोरं घरात बघून शिकत्यात. मला तिच्या अंगाला ती लागू द्यायची न्हवती. तुम्ही बोलायचं न्हाई."

मी शब्द दिला, आणि तिथंच फसलो.

कारण आप्पांनी शीतलला फार पूर्वी कबूल केलं होतं, "तू पायलट झालीस की तुझ्या विमानात पयला पॅसेंजर मी." ती पायलट झाली. पुढं त्याच शाळेत मुलांना शिकवायला लागली. शिकवणाऱ्यांना आपल्या घरच्यांना एक फेरी मारून आणायला शाळेची रीतसर परवानगी मिळाली. शीतल बोलावू लागली आणि आप्पांच्या सबबी सुरू झाल्या. सबबी कशा, तर सगळ्या शास्त्रशुद्ध. "वारं आडवं हाय." "ढग लय खाली आल्यात." "धुकं हाय, क्षितिज दिसायचं न्हाई." स्वच्छ ऊन पडलं तर, "उन्हानं हवा पातळ होती पोरी, विमान जड जातं." सगळं ते तिच्याकडूनच शिकलेले, आता तिलाच ऐकवत होते.

तिचं विमान रोज दुपारी चारच्या सुमारास आमच्या वस्तीवरून जायचं. आप्पा त्या वेळी न चुकता आंब्याखाली उभे राहून पानांतून वर बघायचे. दोन्ही हात खोडाला.

एका रविवारी शीतल घरी आली आणि आप्पा रानात होते तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन बसली. "सर, आप्पांचा माझ्यावर भरवसा न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांचे वडील येऊन गेले. शिरूरची मावशी बसून गेली. तिला तर एस्टीत चढल्या चढल्या उलटी होती. लोकांची पोरं माझ्या हाताखाली शिकायला देत्यात आन् माझा बाप म्हणतो वारं आडवं हाय." बोलता बोलता तिचे डोळे भरले. विमान उतरवणारी मुलगी माझ्या ओट्यावर ओढणीनं डोळे पुसत होती आणि मी शब्दाला बांधलेला. मला आप्पांचा इतका राग कधी आला नव्हता.

ती गेल्यावर मी तडक रानात गेलो आणि तिचं वाक्य जसंच्या तसं आप्पांच्या कानावर घातलं. आप्पांनी ट्रॅक्टर बंद केला. उपरण्यानं टॅबवरची धूळ पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिले.

"भरवसा न्हाई म्हणली?"

"हो."

"आसं म्हणली व्हय." मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही पण चला. मागं बसा. मी पडलो तर धराय कुणीतरी पाहिजे."

"विमानातून कुठं पडणार तुम्ही?"

"सीटवरनं."

ठरलेल्या सकाळी आप्पा कंपनीतले सेफ्टी बूट घालून तयार. हेल्मेटही घेतलं होतं, ते काकींनी काढून घेतलं. काकी स्वतः आल्या नाहीत. "मी मास्तरांच्या गच्चीवर हुभी ऱ्हाते, हात हलवते, माझ्याकडं बघा," एवढं त्यांनी बजावलं. शिरूरची मावशी आणि सगळी वस्ती त्यांच्याबरोबर गच्चीवर चढणार होती.

विमान अगदी छोटं, चार माणसांचं. शिकवणारा उजवीकडं बसतो, म्हणून शीतल उजवीकडं आणि आप्पा डावीकडं, नेमके पडद्यासमोर. मी मागं. आमच्या कानांवर बोलायचे हेडफोन. शीतलनं बटण दाबलं, पडदा उजळला. तो आपलं क्षितिज शोधतो तोवर विमान हलवायचं नसतं, हे आप्पांना पाठ. त्यांनी श्वास रोखून धरला.

"आप्पा, श्वास घ्या. तेवढ्यानं काय हालत न्हाई," शीतल हसून म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. दोन्ही हातांनी सीटची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तिचं हसू थांबलं. ती हातांकडं बघत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडं.

"आप्पा," ती म्हणाली, "आंब्यावर तुम्ही एकदाबी आला न्हाई. ते यासाठी व्हय?"

आप्पा पडद्याकडंच बघत होते. "भरवसा तुझ्यावर हाय पोरी," ते म्हणाले. "माझ्या पायांवर न्हाई."

मी मागं बसून खिडकीबाहेर बघायला लागलो. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं, धावपट्टीकडेचं गवत होतं.

"उतरायचं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग बाहेर बघायचं न्हाई. बाहेरचं काम माझं. तुमचं काम पडदा. मोठ्यानं वाचायचं. वाचायचा चार्ज तुमचा."

आप्पांनी मान पडद्याजवळ नेली. "चार्ज घेतला."

आणि आप्पा वाचू लागले. विमान पळायला लागलं तसा त्यांचा आवाजही पळायला लागला. "वेग तीस! चाळीस! गुलाबी रेघ वर! पन्नास!" चाकांचा खडखडाट थांबला आणि माझं पोट जागेवर राहून मी वर गेलो. "उंची दोन हजार!" आप्पा ओरडले. आजवर त्यांच्या तोंडून अठराशेच्या पुढचा आकडा मी ऐकला नव्हता. बावीसशे झाले, अडीच हजार झाले, आणि तीन हजारांच्या पुढं त्यांचा आवाज ट्रॅक्टरवर असतो तसा खणखणीत झाला. "आधी क्षितिज, मग बाकीचं. क्षितिज सरळ. स्थिर!"

मी मात्र बाहेर बघत होतो. कुरकुंभच्या कंपन्यांच्या टाक्या पेल्यांएवढ्या दिसत होत्या. हायवेवर ट्रक चालत नव्हते, सरकत होते. मग आमची वस्ती आली. माझी गच्ची माणसांनी भरलेली, आणि मधोमध काकी आणि शिरूरची मावशी, कांद्यावर झाकायची पिवळी ताडपत्री दोघींनी धरून फडकवतायत.

"आप्पा, काकी बघा, काकी!" मी ओरडलो.

"दिशा तीनशे दहा," आप्पा म्हणाले.

शीतलनं गच्चीवरून वळण घेतलं. विमान कललं, पडद्यावरचं क्षितिजही कललं, आणि आप्पा किंचाळले, "पोरी, एक चाक कट्ट्यावर चढलंय!"

शीतल इतकी हसली की मला भीती वाटली, आता विमान कोण चालवतंय. हसता हसताच ती म्हणाली, "आप्पा, रोज हितनं जाताना मी तुम्हाला हुडकते. आई म्हणती, तुम्ही आंब्याखाली हुभे असता. वरनं नुसती पानं दिसत्यात. लहानपणी शेंड्यावरनं खाली बघितलं की तुम्ही दिसायचा, म्हणून तर भ्या वाटायचं न्हाई. आता कुठंतरी उघड्यावर हुभे ऱ्हावा की."

आख्ख्या फेरीत तेवढे काही क्षण आकडा आला नाही. मग म्हणाले, "उंची तीन हजार दोनशे. स्थिर." आवाज मात्र तितका स्थिर नव्हता.

उतरल्यावर विमान थांबलं, पंखा थांबला, तरी आप्पा सीटवरून उठेनात. मला वाटलं, पाय गेले. शीतलला कळलं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"वेग शून्य," आप्पा म्हणाले. "उंची जमिनीयेवढी. चार्ज दिला."

"घेतला, आप्पा."

वस्तीवर मात्र आमचं स्वागत काही नीट झालं नाही. "आमी दिसलो का?" सगळ्यांनी एकदम विचारलं, आणि आप्पांनी खरं सांगितलं की आपण पडद्याबाहेर काहीच बघितलं नाही. शिरूरच्या मावशीनं कपाळाला हात लावला. काकी ताडपत्रीची घडी घालत होत्या, त्यांची गुलाबी रेघ मला लांबूनही दिसली. मी निघालो.

आता परवाची गोष्ट. शाळेतून आलो तर माझ्या शिडीपाशी आप्पा उभे. टॅब ट्रॅक्टरवरच होता. हातात काही नाही.

"मास्तर, गच्ची मोकळी हाय का?"

मी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते.

"मोकळी आहे," मी म्हणालो. "चढा आप्पा. मी खाली आहे."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिडीला हात घातला. मधल्या पायरीवर थांबले. मी खाली उभा राहिलो. मग ते पुढं सरकले, वरच्या कडेवर पोट टेकून, रांगत रांगत गच्चीवर गेले आणि मधोमध पाण्याच्या टाकीच्या पाइपाला धरून बसले. खाली बघितलं नाही. समोर बघितलं, जिथं रानं संपून आभाळ सुरू होतं तिथं.

विमान आलं. वस्तीवर आल्यावर त्यानं आधी एक पंख खाली केला, मग दुसरा, असं दोनदा. आप्पांनी एक हात सोडला आणि हलवला. विमान दिसेनासं झालं तरी हलवत राहिले.

"आप्पा," मी खालून ओरडलो, "उंची?"

"अठराशे बारा!" वरून आवाज आला.

"स्थिर" म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. पण म्हणाले.